अप्पा मौनात आहेत

घशात काहीतरी झालंय हे कळत असूनही जे ज्येष्ठमध चघळत "होईल बरं" म्हणत बसलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मीही तसाच बसलो होतो. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचलं तरी माझी हरकत नाही. माझ्या आजारपणाचा उपयोग आमच्या घरच्यांनीही बराचसा त्यासाठीच केला.

माझं नाव मल्लिनाथ. सोलापुरात नवी पेठेत आमचं साड्यांचं दुकान आहे. तिथं दुकान चालवायचं तर माल चांगला लागतो, जागा मोक्याची लागते, पण त्याच्याही आधी गळा लागतो. समोरून रिक्षा, मागून हातगाडी, शेजारच्या दुकानाचा स्पीकर, आणि ह्या सगळ्यावरून "या ताई, या वहिनी, नुसतं बघून जा" हे रस्त्यापलीकडच्या बाईच्या कानात घालायचं. कॉलेज सुटल्यापासून मी हेच करत आलो. दुकान बंद झालं की घरी येऊन बोलायचो. घरचे कंटाळले की फोनवर बोलायचो.

माझी बायको महानंदा अक्कलकोटच्या बाजूची. तिचं माहेर कानडी, आमचं घर अर्धं मराठी अर्धं कानडी. भांडण मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. लग्न झाल्यापासून ती मला एकच वाक्य ऐकवत आली आहे, "सुम्न कुंद्री." म्हणजे गप्प बसा. ह्या 'सुम्न'ची एक गंमत आहे. त्याचा अर्थ गप्प असा होतो, आणि सहज, उगीच, काही कारण नसताना असाही होतो. "का आलास?" "सुम्न." "काय चाललंय?" "सुम्न." एकाच शब्दात ही दोन माणसं कशी राहतात ह्याचा मी कधी विचार केला नव्हता. त्यासाठी गप्प बसावं लागतं, आणि तो योग आला नव्हता.

ई म्हणा

आवाज बसला तो दिवाळीच्या गर्दीत. गर्दी ओसरली, दिवाळी गेली, आवाज काही उठेना. पुण्याच्या बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "कोण बोलतंय? जरा दादाला द्या." हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या, कुणी आलं सांगितलं, कुणी लवंग. मग कुणीतरी शेंगाचटणी बंद करा म्हणालं. सोलापुरात राहून शेंगाचटणी बंद! मी खरखरत्या आवाजात म्हटलं, त्यापेक्षा ऑपरेशन परवडलं. माणसानं जपून बोलावं. वास्तुपुरुष तथास्तु म्हणत असतो, आणि आमच्याकडचा तर अगदी तत्पर निघाला.

शेवटी महानंदानंच मला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई होत्या, तरुण, शांत. त्यांनी विचारलं, तंबाखू? सिगारेट? दारू? मी तोंड उघडायच्या आत महानंदा म्हणाली, "तसलं काय न्हाय बाई. बोलणं एवढं एकच व्यसन हाय."

नाकातून एक बारीक नळी घालून बाईंनी पडद्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ई म्हणा." मी ई म्हटलं. "लांब म्हणा." लांब म्हटलं. पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करत होत्या. ज्या दोन पट्ट्यांवर आमच्या तीन पिढ्यांचा धंदा उभा होता त्या एवढ्याशा असतील असं मला वाटलं नव्हतं. एका पट्टीवर काहीतरी टम्म बसलं होतं.

"इथं गाठ आहे," बाई म्हणाल्या.

कापडाच्या धंद्यात गाठ आली म्हणजे माल आला. सोडायची, मोजायची, मांडायची. हा शब्द नकोसा वाटायची आयुष्यातली पहिलीच वेळ. बाई म्हणाल्या, काढून तपासायला पाठवू, बहुतेक साधी असेल. आता हे 'बहुतेक' मला चांगलं ठाऊक आहे. "रंग जाणार नाही, बहुतेक" असं मी गिऱ्हाइकाला सांगितलं तर ते साडी टाकून उठेल. इथं उठायची सोय नव्हती.

घरी मुलगा शिवराज वाट बघत होता. मी त्याला सांगितलं, किरकोळ आहे. महानंदा म्हणाली, "व्हय, किरकोळच हाय." आणि ती आत जाऊन शेंगा भाजायला लागली. मग उखळात कुटायला लागली. कुटतच राहिली. त्या संध्याकाळी घरात महिनाभर पुरेल एवढी चटणी तयार झाली, आणि खाणाऱ्याला तर डॉक्टरबाईंनी ती त्याच दिवशी बंद केली होती. मी बाहेरच्या खोलीत बसून तो आवाज ऐकत होतो. मला भीती वाटत होती. पण उठून आत जाऊन तसं सांगावं, हे मात्र मला सुचलं नाही. मी शेजाऱ्यांना फोन करून गाठीवर विनोद सांगत बसलो.

बिरूमामा

ऑपरेशनबद्दल मला काही सांगता येणार नाही, मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा डॉक्टरबाई समोर होत्या. त्यांनी हुकूम सोडला : मी पुन्हा तपासून सांगेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं जास्त ताण येतो. खाकरायचं नाही. गुणगुणायचं नाही. महानंदाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला नीट वाचता आलं. इतक्या वर्षांत जे तिला जमलं नव्हतं, ते ह्या पोरीनं अर्ध्या मिनिटात करून दाखवलं होतं.

दवाखान्यात सगळ्यांना माहीत होतं की मला बोलायची बंदी आहे, आणि प्रत्येकाला माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. सिस्टर यायची, "बोलायचं नाही हं काका" म्हणायची, आणि लगेच, "नाव सांगा, जेवण काय झालं, संडास झाली का?" मी बोटांनी सांगायचो. ह्यातल्या शेवटच्या प्रश्नाचं बोटांनी उत्तर कसं द्यायचं, ते करून बघा.

शेजारच्या खाटेवर बिरूमामा होते. सांगोल्याकडचे, मेंढरं राखणारे. त्यांच्या एका कानाचं ऑपरेशन झालं होतं, त्यावर मोठी पट्टी होती, आणि दुसरा कान आधीच अधू होता. माझ्या घशाबद्दल त्यांच्या सुनेनं त्यांना खुणांनी सांगितलं. मामा खूश झाले.

"तुमाला बोलता येत न्हाय, मला ऐकू येत न्हाय," ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आपलं लई जमंल की."

आणि जमलं. मामांनी मला त्यांच्या थोरल्या भावाची वाटणी सांगितली, बायको कशी मिळाली ते सांगितलं, दुष्काळात मेंढरं घेऊन पार कुठवर गेले होते ते सांगितलं. एरवी माझी पद्धत अशी, की समोरचा गावाच्या वेशीपर्यंत आला की आपली बैलगाडी मध्ये घालायची. इथं घालता येईना. त्यामुळे मला बऱ्याच वर्षांनी एका माणसाची गोष्ट शेवटापर्यंत ऐकायला मिळाली, आणि खरं सांगतो, शेवट चांगला होता. मामा मला म्हणाले, मेंढरं पण अशीच गप ऐकतात, पण ती मान हलवत नाहीत, तेवढे तुम्ही बरे.

भेटायची वेळ संपली तरी महानंदा स्टुलावर बसून होती. मी हातानं विचारलं, का बसलीस, घरी जा. ती म्हणाली, "सुम्न."

मला वाटलं, हात हलवायचीसुद्धा बंदी आली. मी हात पांघरुणात घेतले आणि गप्प पडलो.

आत्मचिंतन

घरी आलो. रिपोर्ट यायला आठवडा तरी लागेल असं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी महानंदाचे थोरले भाऊ भेटायला आले. ते निवृत्त मास्तर आहेत, पण त्याची बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोचलेली नाही. आल्या आल्या त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, "दाजी, ही आपत्ती नाही. संधी आहे. आत्मचिंतन करा."

कार्यक्रमही त्यांनीच आखून दिला. सकाळी अंघोळ, भस्म, इष्टलिंगाची पूजा झाली की पूर्वेकडे तोंड करून बसायचं आणि स्वतःला विचारायचं, मी कोण? उत्तर आत खोलवरून येईल म्हणाले. महानंदानं मागं उभं राहून माझ्याकडे असं पाहिलं, की मी लगेच मान हलवली.

बसलो. मी कोण? उत्तर ताबडतोब आलं : मल्लिनाथ, साडीवाला, नवी पेठ. मास्तर म्हणाले होते आणखी खोल जा. गेलो. तिथं शिवराजनं काचेत हिरवी इरकल उन्हाच्या बाजूला लावली आहे, तिचा रंग उतरणार, हे दिसलं. आणखी खोल गेलो तर शेंगाचटणी होती. तिच्याही खाली गेलो, तिथं रिपोर्ट होता. मी डोळे उघडले आणि पेपर वाचायला घेतला. रोज हेच. मास्तरांनी फोनवर महानंदाला विचारलं, दाजींना काही गवसलं का? ती म्हणाली, चष्मा गवसला, बाकीचं शोधायलेत.

पण ह्या बसण्यातून एक गोष्ट मात्र हाती लागली, आणि ती मास्तरांच्या कार्यक्रमात नव्हती. दिवसभर जिभेवर वाक्यं यायची. भाजीत मीठ कमी आहे. पंखा कुणी चालू ठेवला. त्या अमक्याला मी तेव्हाच सांगितलं होतं. एरवी ती आल्यासरशी बाहेर पडली असती. आता ती आत साठायची, आणि संध्याकाळी बघावं तर बहुतेक मरून पडलेली असायची. पंख्याचं वाक्य दुपारच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकायचं नाही. बोललो असतो तर त्यावर तासभर वाद झाला असता, आणि तो मी जिंकलोही असतो.

एकच वाक्य रोज सकाळी यायचं आणि झोपेपर्यंत जिवंत असायचं. मला भीती वाटते, एवढंच. धंद्यात जो माल पडून राहूनही रंग सोडत नाही तो अस्सल, असं आम्ही म्हणतो. हे वाक्य अस्सल होतं. आणि नेमकं तेच मी बोलायची मुभा होती तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

घरात आणलेली बाई

माझ्या खाणाखुणांना वैतागून शिवराजनं माझ्या मोबाइलमध्ये एक सोय करून दिली. मराठीत टाइप करायचं, बटण दाबायचं, की फोन ते मोठ्यानं बोलून दाखवतो. फोनमधला आवाज बाईचा होता. रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा आहे म्हणून जी बाई खेद व्यक्त करते, तिची ही चुलत बहीण असावी. मी "चहा टाक" असं लिहिलं. ती स्वयंपाकघराच्या दिशेनं थंडपणे म्हणाली, "चहा. टाक."

महानंदा बाहेर आली. "ही कोण आनलीत घरात?" तिनं विचारलं. नंतर दोन दिवस त्या बाईला ती परस्पर उत्तरं देत होती, आणि माझ्यापेक्षा बऱ्या शब्दांत.

अप्पा मौनात आहेत

घरात जीव रमेना म्हणून मी दुकानात जाऊन बसायला लागलो. गारठा नको म्हणून महानंदानं माझ्या गळ्याभोवती पांढरी शाल गुंडाळली होती. कपाळाला रोजचं भस्म होतंच. मास्तरांनी शिवराजला बजावून ठेवलं होतं, की गिऱ्हाइकांना आवाज गेला असं अशुभ सांगायचं नाही. अप्पा मौनात आहेत, असं सांगायचं.

आमच्याकडे मुलं वडलांना अप्पा म्हणतात. आणि मठातल्या स्वामींनाही लोक अप्पाच म्हणतात. ही गोष्ट मास्तरांच्या लक्षात यायला हवी होती.

पहिल्यांदा आली वळसंगची गौरव्वा. सत्तरीच्या आसपासची, आमची जुनी गिऱ्हाईक. तिच्या नातीचं लग्न ठरलं होतं म्हणून ती बस्त्याला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, आली होती. गौरव्वाची घासाघीस नवी पेठेत प्रसिद्ध आहे. ती आली की मी आधी पाणी पिऊन घ्यायचो. तिनं गादीवर पांढरी शाल गुंडाळलेला, भस्म लावलेला, गप्प माणूस बघितला आणि शिवराजला विचारलं, का बोलंनात? शिवराज म्हणाला, अप्पा मौनात आहेत.

गौरव्वानं डोक्यावर पदर घेतला आणि पुढं येऊन माझे पाय धरले.

मी दचकून "नको, नको" अशा अर्थानं हात वर केला. उघडा तळवा, बोटं जुळलेली. तिला आशीर्वाद मिळाला. मौनी माणसासमोर भावाची घासाघीस बरी दिसत नाही म्हणून तिनं सांगितला तो भाव मान्य केला, आणि बस्ता दुपारच्या आत उरकला. असला प्रकार आमच्या दुकानाच्या इतिहासात झाला नव्हता. मी मान हलवून, हात हलवून खुलासा करायचा प्रयत्न केला. त्याचाही तिनं काहीतरी चांगलाच अर्थ लावला.

पुढच्या दोन-तीन दिवसांत वळसंगच्या आणि आसपासच्या बायका यायला लागल्या. नारळ आले, केळी आली. कुणी पोराच्या नोकरीचं विचारलं, कुणी म्हशीचं. माझ्या प्रत्येक हालचालीला अर्थ यायला लागला, म्हणून मी हालचालच बंद केली, तर त्यालाही अर्थ आला. साड्या मात्र जोरात खपत होत्या. संध्याकाळी शिवराज हसत म्हणाला, "अप्पा, तुम्ही असेच राहा बघा."

तो थट्टेत म्हणाला, पण मला ते लागलं. मी इतकी वर्षं बोलून जे विकत होतो ते न बोलता जास्त विकलं जात होतं. उद्या आवाज आलाच नाही तर ह्या दुकानाचं काही अडणार नाही, हे मला दिसलं. मी कोण, ह्या मास्तरांच्या प्रश्नाला असं उत्तर नको होतं.

गौरव्वाची गाठ

चौथ्या की पाचव्या दिवशी गौरव्वा परत आली. एकटी. शिवराज वरच्या मजल्यावर माल काढायला गेला होता. ती गादीच्या कडेला बसली, इकडंतिकडं बघितलं, आणि अगदी हळू बोलायला लागली.

"अप्पा, काखंत गाठ आलीया. दुखत न्हाय, पर वाढायलीय. लेकीला बी सांगितलं न्हाय. घरात लगीन हाय न्हवं. तुमी बोलत न्हाईत, म्हून तुमाला सांगितलं. भस्माचं बोट लावा तेवढं, म्हंजे जाईल."

आणि तिनं कपाळ पुढं केलं.

इतके दिवस ही सगळी गंमत होती. हात वर केला तरी चालत होतं, नाही केला तरी चालत होतं. आता हात वर केला असता तर ती समाधानानं उठून वळसंगला गेली असती, आणि लग्न उरकेपर्यंत, कदाचित त्याच्याही पुढं, कुणाला काही बोलली नसती. पहिल्यांदाच मला खरोखर बोलायची गरज होती आणि बोलायची बंदी होती. बोलून टाकावं असं मनात आलं. तोंड उघडलंसुद्धा. मग फोन दिसला.

मी लिहायला लागलो. चुका होत होत्या. काय लिहायचं ह्याचा विचार करायला वेळ नव्हता, त्यामुळे जे रोज आत जिवंत राहत होतं तेच पुढं आलं. मी बटण दाबलं. आणि स्टेशनवरच्या त्या बाईनं, तीन नंबरच्या फलाटाबद्दल सांगावं तशा स्वरात, अख्ख्या दुकानाला सांगितलं :

"गौरव्वा. मी स्वामी नाही. मी साडीवाला मल्लू. मला पण गाठ आली. घशात. काढली. रिपोर्ट यायचा आहे. मला लई भीती वाटते. भस्म नको. दवाखान्यात चला."

गौरव्वानं फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग म्हणाली, "म्हंजे तू सादू न्हाईस?"

मी मान हलवली.

"मग बस्त्याला माझी घासाघीस का बुडवलीस रं?"

मला हसू आलं आणि हसायचीही बंदी होती. मी तोंडावर शाल धरली. तेवढ्यात पायरीवर काहीतरी वाजलं म्हणून वर बघितलं. महानंदा दुपारचा डबा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवी पेठेत त्या बाईचा आवाज निदान चार दुकानं तरी ऐकू जात होता.

ती आत आली. डबा खाली ठेवला. माझ्याशेजारी गादीवर बसली. दुकानात ती कधी गादीवर बसत नाही. "मला बी वाटती," ती म्हणाली, "त्या दिसापासनं."

मग डोळे पुसून ती गौरव्वाकडे वळली आणि कानडीत तिच्याशी बोलायला लागली. दोघींचं गाव, पाहुणे, कोण कुणाची कोण, सगळं निघालं, आणि त्यातच ठरलं की गौरव्वानं रात्री आमच्याकडे राहायचं, लेकीला फोन करून खरं काय ते सांगायचं, आणि सकाळी तिघांनी दवाखान्यात जायचं. मला कुणी विचारलं नाही. मी डबा खाल्ला.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी गच्चीत बसलो होतो. महानंदा येऊन शेजारी बसली. काही काम असेल म्हणून मी हातानं विचारलं, काय?

"सुम्न," ती म्हणाली.

दवाखान्यातल्या स्टुलावर बसून ती हेच म्हणाली होती, आणि मी वेड्यासारखे हात पांघरुणात घेतले होते. गप्प बसा असं ती म्हणालीच नव्हती. मी नुसती बसले आहे, असं म्हणाली होती. आम्ही दोघं बराच वेळ तिथं बसलो. रिपोर्ट अजून आलेला नव्हता आणि भीती होती तेवढीच होती, पण आता ती दोघांत वाटलेली होती.

पुन्हा ई

माझा रिपोर्ट साधा निघाला. डॉक्टरबाईंनी आधी तेच सांगितलं आणि मग म्हणाल्या, आता हळूच ई म्हणा.

इतके दिवस मी पहिलं वाक्य ठरवत होतो. महानंदासाठी एक होतं, शिवराजसाठी एक, मास्तरांसाठी तर बरीच होती. पण आयुष्याचा एवढा विचार केल्यावर माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ई. बारीक, कापरा, पण माझाच. महानंदा ढसाढसा रडली. आमच्या एवढ्या संसारात मी तिच्याशी काय काय गोड बोललो असेन, त्यातल्या कशावर ती अशी रडली नव्हती.

आता आवाज बरा आहे. ओरडायची कायमची बंदी आहे. दुकानाच्या दाराशी शिवराजनं स्पीकर लावला आहे आणि ती फोनमधली बाईच "या ताई. या वहिनी." करते. वळसंगच्या बायकांना मौन सुटल्याचं वाईट वाटलं. मास्तरांना माझ्या आत्मचिंतनाचं श्रेय मिळालं, ते त्यांनी विनयानं स्वीकारलं. घरी बोलायच्या आधी मी वाक्य थोडा वेळ तोंडात धरून बघतो. पंख्याचं अजूनही कधीमधी निसटतं.

गौरव्वाची गाठ साधी नव्हती. पण उशीर झालेला नाही, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. लग्न ठरल्या दिवशी लागलं, आणि आजीनं ऑपरेशननंतर खुर्चीत बसून अक्षता टाकल्या. आता तिला ठरावीक दिवसांनी सलाईन लावायला यावं लागतं. लेक सोबत असते. आम्हीही जातो, कधी महानंदा, कधी मी. गाठ लागली की गप्प बसू नका, हे सांगायला मी हे सगळं लिहिलं. घाबरलाय हेही घरच्यांना सांगा, त्यासाठी फोनमधल्या बाईची वाट बघू नका.

मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा लेक चहाला खाली गेली होती. गौरव्वा डोळे मिटून पडली होती. डोक्यावरचे केस गेले होते, त्यावर तिनं आमच्याच दुकानातल्या साडीचा पदर घट्ट गुंडाळला होता. मी स्टूल ओढलं तसे तिनं डोळे उघडले.

"दुकान टाकून कशाला आलास रं?" ती म्हणाली.

मला खूप बोलता आलं असतं. आवाज होता, परवानगी होती, विषय होता.

"सुम्न," मी म्हटलं.

तिनं डोळे पुन्हा मिटले आणि सुई नसलेला हात माझ्या बाजूला सरकवला.